जुनी चाके, परगावचा ग्राहक आणि बिल्टीचा कागद

प्रतिनिधी

नांदेड/लातूर - मोटारीचे जुने टायर आणि रिम विकायचे म्हणजे टायरवाल्याच्या दुकानात गाडी उभी करायची आणि तो नव्या टायरच्या किमतीतून जी काही वजावट देईल ती निमूटपणे घ्यायची, असा शिरस्ता मराठवाड्यात अनेक वर्षे होता. आता तोच गाडीमालक चार छायाचित्रे काढून ऑनलाइन जाहिरात देतो आणि संध्याकाळपर्यंत त्याला सोलापूर, पुणे किंवा हैदराबादहून विचारणा होऊ लागते. भावही दहा-पंधरा मिनिटांत ठरतो. अडचण सुरू होते ती त्यानंतर. चार चाके म्हणजे साठ-पासष्ट किलोचा, गोल, काळा, कोणत्याही तयार खोक्यात न मावणारा माल. तो परगावच्या, कधी न पाहिलेल्या माणसापर्यंत पोचवायचा कसा, भाडे कोणी द्यायचे आणि वाटेत एखादे चाक गहाळ झाले तर नुकसान कोणाचे, याची चर्चा भाव ठरताना सहसा होत नाही.

ओएलएक्ससारख्या जाहिरातींच्या संकेतस्थळांची मूळ रचना एकाच शहरातील देवघेवीसाठी आहे. घेणाऱ्याने यावे, वस्तू पाहावी, पैसे मोजावेत आणि घेऊन जावे, हे त्यात गृहीत धरलेले असते. खुर्ची किंवा कपाट विकताना ते जमते. चाकांचे मात्र तसे नाही. विशिष्ट मॉडेलच्या, विशिष्ट मापाच्या चाकांना लातूर शहरात त्या महिन्यात एकही गिऱ्हाईक नसेल आणि पुण्यात दहा असतील. त्यामुळे हा व्यवहार हटकून गावाबाहेर जातो आणि संकेतस्थळाची जबाबदारी संपते तिथून त्याची खरी सुरुवात होते.

हा माल बाजारात येतो कसा, तेही पाहण्यासारखे आहे. एकाच गाडीच्या स्वस्त प्रकाराला लोखंडी रिम आणि महागड्या प्रकाराला अलॉय व्हील, अशी विभागणी बहुतेक कंपन्या करतात. स्वस्त प्रकार घेतलेला मालक वर्षभरात हौसेने अलॉय बसवतो आणि लोखंडी रिमांचा जवळपास कोरा संच घरात पडून राहतो. दुसरीकडे कोणाचा तरी एक रिम खड्ड्यात वाकलेला असतो. त्याला नवा घ्यायचा नसतो, कंपनीचाच जुना हवा असतो. काही जण गाडी विकताना महागडी चाके काढून घेतात आणि मूळ चाके परत चढवतात. कोणाची स्टेपनी वर्षानुवर्षे डिकीत न वापरता राहिलेली असते. (आपल्याकडे घरोघरी रूढ झालेला 'स्टेपनी' हा शब्द वेल्समधील लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीट या रस्त्यावरून आला. तेथील डेव्हिस बंधूंनी १९०४ च्या सुमारास जादा चाकाचा धंदा सुरू केला होता.)

गाडीचे नाव पुरेसे नाही

'स्विफ्टची चाके आहेत' एवढ्या माहितीवर झालेला सौदा बहुधा परत येतो, आणि साठ किलोचा माल परत येणे म्हणजे दोन्ही बाजूंचे भाडे पाण्यात जाणे. म्हणून पाठवण्याच्या आधी चाकावरचे आकडे वाचता येणे आवश्यक ठरते.

टायरच्या कडेवर १८५/६५ आर १५ ८८ एच असे लिहिलेले असेल, तर टायरची रुंदी १८५ मिलिमीटर, कडेची उंची त्या रुंदीच्या ६५ टक्के, बांधणी रेडियल आणि आतील रिमचा व्यास १५ इंच असा त्याचा अर्थ होतो. ८८ हा भाराचा निर्देशांक असून तो टायर ५६० किलोपर्यंतचा भार पेलतो. 'एच' म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंतच्या वेगासाठी योग्य. आपल्या गाडीला कोणते माप लागते हे चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीवर किंवा गाडीच्या पुस्तिकेत छापलेले असते. घेणाऱ्याने प्रथम ते पाहावे.

याच कडेवर एका लांबट चौकटीत चार आकडे असतात. जाहिरातीतील छायाचित्रांत नेमके तेच बहुधा दिसत नाहीत. २३१९ असे असेल तर टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. गाडी कमी चालली म्हणून टायर तरुण राहत नाही. रबर उन्हाने आणि हवेने कडक होत जाते आणि मराठवाड्याच्या उन्हाळ्यात उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीच्या टायरच्या कडेला बारीक भेगा लवकर दिसू लागतात. पाच वर्षांनंतर टायर दरवर्षी तपासून घ्यावा आणि दहा वर्षांनंतर तो कितीही चांगला दिसला तरी वापरू नये, असा सल्ला अनेक टायर कंपन्या देतात. 'फक्त आठ हजार किलोमीटर चालले' या वाक्यापेक्षा हे चार आकडे अधिक बोलके असतात.

खाचांची खोली हा दुसरा मुद्दा. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम ९४ प्रमाणे मोटारीच्या टायरची खाच १.६ मिलिमीटरपेक्षा कमी असता कामा नये. खाचेच्या तळाशी असलेला लहान उंचवटा बाजूच्या रबराशी समपातळीत आला की ती मर्यादा संपली असे समजावे. झिजलेल्या टायरवर गरम हत्याराने नव्या खाचा कोरून, वर काळा रंग किंवा पॉलिश लावून तो खपवण्याचा प्रकारही या बाजारात चालतो. मोटारीच्या टायरमध्ये अशा कोरीव कामामुळे आतील तारांवरचे रबर पातळ होते आणि भर वेगात टायर फुटण्याचा धोका वाढतो. कोरलेल्या टायरमध्ये तळाचे उंचवटे कापले गेलेले किंवा बेढब झालेले असतात. त्यामुळे घेणाऱ्याने खाचेचे अगदी जवळून काढलेले छायाचित्र मागावे आणि ते द्यायला विकणारा टाळाटाळ करीत असेल तर तिथेच थांबावे. मर्यादा ओलांडलेला टायर रस्त्यावरच्या वापरासाठी विकणे हा साधा व्यवहार राहत नाही. कोणाचा तरी जीव त्यावर अवलंबून असतो. असे टायर मुरघासाच्या खड्ड्यावरील ताडपत्रीला वजन म्हणून किंवा गंजीवर ठेवायला ग्रामीण भागात आजही उपयोगी पडतात. बाकीच्यांसाठी पुनर्प्रक्रियेचा मार्ग आहे आणि टाकाऊ टायरची जबाबदारी उत्पादकांवर टाकणारे नियम केंद्राने २०२२ मध्ये केले आहेत.

रिमचे गणित टायरपेक्षा अवघड आहे. बोल्टची छिद्रे किती यावरून रिम बसेल की नाही ते ठरत नाही. छिद्रांच्या मध्यबिंदूंतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास, ज्याला कारागीर पीसीडी म्हणतात, तोही जुळावा लागतो. इनोव्हाला पाच छिद्रे आणि व्यास ११४.३ मिलिमीटर, तर बोलेरोलाही पाच छिद्रे पण व्यास १३९.७ मिलिमीटर. दोन्ही रिम छायाचित्रात सारखेच 'पाच बोल्टचे' दिसतात आणि एकमेकांच्या गाडीला कदापि बसत नाहीत. स्विफ्टचे माप चार छिद्रे, १०० मिलिमीटर. याखेरीज मधल्या भोकाचा व्यास, रिमची रुंदी (६ जे, साडेसहा जे अशी) आणि ऑफसेट म्हणजे रिम आत-बाहेर किती बसतो ते दाखवणारा आकडा, हे सारे रिमच्या मागच्या बाजूला कोरलेले असते. चाक गाडीवरून उतरवल्याशिवाय ते दिसत नाही, म्हणून जाहिरातीत ते नसते. उतरवल्यावर मात्र पाच मिनिटे खर्चून त्याचे छायाचित्र घ्यावे.

रिम सरळ आहे की 'आऊट' झाला आहे हे डोळ्यांना कळत नाही. टायरच्या दुकानातील बॅलन्सिंग यंत्रावर चाक फिरवले की लगेच कळते. त्याची अर्ध्या मिनिटाची चित्रफीत घेणाऱ्याला पाठवली तर निम्मे वाद मिटतात. तडा गेल्यावर वेल्डिंग केलेला अलॉय असेल तर ते लपवू नये. तशा चाकाची किंमत आणि भरवसा दोन्ही वेगळे असतात.

हवेचे भाडे

कुरिअरवाल्याकडे टायर घेऊन गेलेल्या माणसाला पहिला धक्का वजनाचा बसतो. घरच्या काट्यावर आठ किलो भरलेल्या टायरचे भाडे पंधरा किलोंचे का लावले, यावरून काउंटरवर हमखास वाद होतो. यात लबाडी नसते. कुरिअर कंपन्या मालाचे खरे वजन आणि त्याने व्यापलेली जागा या दोन्हींतील जे जास्त असेल त्यावर भाडे आकारतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून येणाऱ्या आकड्याला साधारणतः ५,००० ने भागले की जागेचे वजन निघते. रस्त्याने जाणाऱ्या मालासाठी काही कंपन्यांचा भाजक वेगळा असतो, तर ट्रान्सपोर्टवाले घनफुटावर हिशेब करतात. तत्त्व सगळीकडे तेच.

वर सांगितलेल्या १८५/६५ आर १५ टायरचा बाहेरील व्यास सुमारे ६२ सेंटिमीटर आणि जाडी सुमारे १९ सेंटिमीटर. त्याला चौकोनी खोके मानून ६२ गुणिले ६२ गुणिले १९ केले तर ७३,०३६ येतात. ५,००० ने भागले की १४.६ किलो. टायर प्रत्यक्षात आठ किलोंच्या आसपास असला तरी भाडे पंधरा किलोंचे. म्हणजे चार रिकाम्या टायरमागे सुमारे सव्वीस किलो निव्वळ हवेचे भाडे भरावे लागते.

या हिशेबातून एक उपयोगी गोष्ट निघते. टायरच्या पोटात रिम बसवलेला असेल तर संपूर्ण चाकाचे खरे वजन पंधरा-सोळा किलोंच्या घरात जाते आणि भाडे जवळपास तेवढेच राहते. रिमला वेगळी जागा लागत नाही. ज्याला टायर आणि रिम दोन्ही पाठवायचे आहेत त्याने ते वेगळे काढून आठ नग करण्यात काही अर्थ नाही. टायर काढताना कडेला इजा होते ती निराळीच. चाक जोडलेलेच ठेवावे आणि हवा निम्म्याने कमी करावी. पूर्ण काढू नये, कारण टायरची कड रिमवरून सरकते आणि मग आदळआपट थेट रिमच्या ओठावर बसते.

बांधणीबद्दल फार सांगण्यासारखे नाही. लोखंडी रिमला काही होत नाही. अलॉयचा दर्शनी भाग मात्र टायरपेक्षा किंचित पुढे आलेला असतो आणि गोदामात हमाल चाक उचलून नेत नाहीत, लोळवत नेतात आणि आडवे टाकतात. म्हणून दर्शनी बाजूवर फोम, त्यावर जाड पुठ्ठ्याची किंवा जुन्या प्लायची गोल चकती, वरून प्लास्टिकची पट्टी आणि बाहेर गोणपाट, एवढे केले तरी चालते. मधली झाकणे आणि नट कापडी पिशवीत घालून वेगळे द्यावेत. रिमच्या पोकळीत ठेवलेली पिशवी पोचतेच असे नाही. पत्ता दोन ठिकाणी लिहावा, एक बाहेर गोणपाटावर आणि एक आत टायरवर तेलकट खडूने. कागदाची चिठ्ठी टायरच्या रबरावर टिकत नाही, हे पहिल्या खेपेला फार थोड्यांच्या लक्षात येते.

ट्रान्सपोर्ट, ट्रॅव्हल्स, रेल्वे

नांदेड ते लातूर हे अंतर लोहा, अहमदपूर, चाकूरमार्गे सुमारे दीडशे किलोमीटर. एवढ्यासाठी कोणी ट्रान्सपोर्टच्या वाटेला जाऊ नये. रविवारी गाडी काढून अहमदपूरला दोघांनी भेटावे, चाके बघून घ्यावीत आणि एका डिकीतून दुसऱ्या डिकीत टाकावीत, हे सर्वांत स्वस्त आणि निर्धोक. पुढची सारी माहिती आहे ती लांबच्या ग्राहकासाठी.

सर्वाधिक माल जातो तो ट्रान्सपोर्ट कंपन्यांच्या फुटकळ मालातून. लातूरच्या आडत बाजारातून डाळ आणि सोयाबीन घेऊन ट्रक रोज बाहेर पडतात आणि दोन्ही शहरांतून पुणे, मुंबई, हैदराबादच्या गोदामांपर्यंत माल नियमित जातो. भाडे कमी, वेळ मात्र ट्रक कधी भरतो त्यावर अवलंबून. बहुधा माल गोदामापर्यंतच जातो, घरपोच हवा असेल तर वेगळे पैसे पडतात. भाड्याखेरीज हमाली आणि बिल्टीचा आकार असतो, तो आधी विचारून घ्यावा. 'टू पे' म्हणजे भाडे घेणाऱ्याने द्यायचे, 'पेड' म्हणजे पाठवणाऱ्याने भरलेले. सौदा करताना भाड्याचा उल्लेख नसेल तर या एका शब्दावरून परगावच्या गोदामात माल अडकून पडतो.

रात्री पुण्या-मुंबईला सुटणाऱ्या खासगी ट्रॅव्हल्सच्या डिकीतून पार्सल पाठवणे या भागात सर्रास चालते. सकाळी माल पोचतो, हा त्याचा मोठा फायदा. पण अनेकदा पावतीच्या नावाने हाती येतो तो चालकाचा मोबाईल क्रमांक आणि गाडीचा नंबर. शिवाय प्रवासी बसमधून असा माल नेण्याबाबत परवान्याच्या अटींचा प्रश्न उभा राहतो तो वेगळाच. कागदपत्रांच्या पार्सलला हे चालून जाईल. तीस-चाळीस हजारांच्या अलॉयसाठी हा मार्ग निवडणाऱ्याने आपण केवळ विश्वासावर माल सोडत आहोत, हे जाणून निवडावा. एसटीने २०२० मध्ये, टाळेबंदीच्या काळात, प्रवासी थांबल्यावर मालवाहतूक सुरू केली, मात्र ती मुख्यतः पूर्ण गाडीभर मालासाठी सोयीची ठरली.

रेल्वेचे पार्सल हा लांबच्या ग्राहकासाठी अजूनही विचारात घेण्याजोगा मार्ग आहे. नांदेड दक्षिण मध्य रेल्वेवर, तर लातूर मध्य रेल्वेच्या सोलापूर विभागात. अमृतसरपर्यंत जाणाऱ्या सचखंड एक्स्प्रेसमुळे नांदेडहून उत्तरेकडे थेट माल जाऊ शकतो. पार्सल गाडीच्या गार्डच्या डब्याजवळील जागेतून जाते, त्यामुळे गाडी जिथे पुरेशी थांबते तिथेच ते चढवता-उतरवता येते. लहान स्थानकाचा पत्ता दिला तर माल पुढच्या मोठ्या स्थानकावर उतरतो. घेणाऱ्याने वेळेत सोडवला नाही तर व्हार्फेज नावाचा दंडवजा आकार तासागणिक वाढू लागतो. आणि १९८९ च्या रेल्वे कायद्यातील कलम १०३ ध्यानात ठेवावे. मालाची किंमत आधी जाहीर करून त्यावरील जादा आकार भरला नसेल, तर माल हरवल्यास भरपाई किलोमागे ठरलेल्या मर्यादेपर्यंतच मिळते.

बिल्टीवर काय लिहिले

रस्त्याच्या वाहतुकीलाही असाच नियम आहे, पण तो फार थोड्यांना ठाऊक आहे. १८६५ च्या जुन्या वाहक कायद्याच्या जागी 'कॅरेज बाय रोड' कायदा २००७ मध्ये संमत झाला आणि २०११ पासून तो लागू आहे. ट्रान्सपोर्ट कंपन्यांबरोबरच घरपोच माल नेणाऱ्या कुरिअर संस्थाही त्यात येतात आणि नोंदणीशिवाय त्यांना हा व्यवसाय करता येत नाही. या कायद्याखालील नियमांनुसार माल हरवला किंवा खराब झाला तर वाहकाची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंत मर्यादित असते, तीही पाठवणाऱ्याने लिहून दिलेल्या किमतीपेक्षा जास्त नाही.

याचा अर्थ आकड्यांत पाहावा. समजा, नांदेडच्या एका गाडीमालकाने चार अलॉय चाके ३२,००० रुपयांना पुण्याच्या ग्राहकाला विकली आणि ट्रान्सपोर्टचे भाडे ८०० रुपये झाले. चाके वाटेत गहाळ झाली तर कायद्याने मिळणारी भरपाई जास्तीत जास्त ८,००० रुपये. बिल्टीवर किंमत ५,००० लिहिली असेल तर ५,००० च. 'किंमत कमी लिहा, भानगड नको' हा काउंटरवरचा नेहमीचा सल्ला ऐकणाऱ्याला तो असा महागात पडतो. पूर्ण किमतीचे संरक्षण हवे असेल तर जोखमीचा वाढीव दर भरून तसे बिल्टीवर लिहून घ्यावे लागते किंवा वाहतुकीचा विमा काढावा लागतो. दोन्ही सोयी बहुतेक मोठ्या कंपन्यांकडे असतात, विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही एवढेच.

किंमत खरी लिहिल्याने कराची भानगड होते ही भीती बहुतांशी निराधार आहे. स्वतःच्या गाडीची जुनी चाके विकणे हा काही त्या माणसाचा व्यवसाय नव्हे. ई-वे बिलाची मर्यादा परराज्यात जाणाऱ्या मालासाठी ५० हजार रुपये आहे, तर महाराष्ट्राच्या आत ती २०१८ पासून एक लाख रुपये आहे. सर्वसाधारण मोटारीच्या चाकांचा संच त्याच्या खालीच राहतो. ट्रान्सपोर्टवाला मागतो म्हणून साध्या कागदावर 'वैयक्तिक वापरातील जुनी चाके, व्यापारी माल नाही' असे किमतीसह लिहून, सही आणि ओळखपत्राची प्रत जोडली की काम भागते.

नगांची संख्याही तितकीच महत्त्वाची. बिल्टी हा वजनाचा आणि नगांचा प्रथमदर्शनी पुरावा मानला जातो. चार चाके दोन-दोनच्या जोडीने बांधली तर बिल्टीवर 'दोन नग' येतात. मग वाटेत जोडी सुटून एक चाक मागे राहिले तर कंपनी दोन नग दिल्याचे सांगून मोकळी होते. चार चाके, चार नग, प्रत्येकावर एक ते चार क्रमांक आणि बिल्टीच्या तपशिलात 'जुनी मोटार चाके, टायरसह' असे शब्द, हा कटकटीचा वाटला तरी बरा मार्ग. टायरवरील चार आकड्यांची छायाचित्रे इथे दुसऱ्यांदा कामी येतात. चाक बदलले गेले का, हे त्यांवरूनच सिद्ध होते.

आता मूळ प्रश्न, वाटेतले नुकसान विकणाऱ्याचे की घेणाऱ्याचे. १९३० च्या मालविक्री कायद्यातील कलम ३९ प्रमाणे, ग्राहकाकडे माल पाठवण्याचे ठरले असेल तर वाहकाच्या ताब्यात माल दिला म्हणजे तो ग्राहकाला दिला, असे प्रथमदर्शनी धरले जाते. म्हणजे नांदेडच्या काउंटरवर बिल्टी फाटली की जोखीम सर्वसाधारणपणे पुण्याच्या ग्राहकाकडे जाते. मात्र त्याच कलमात पुढे अट आहे. मालाचे स्वरूप पाहून वाहकाशी योग्य तो करार करणे विकणाऱ्याचे कर्तव्य आहे आणि त्याने ते केले नसेल तर ग्राहक नुकसान स्वतःवर घ्यायला नकार देऊ शकतो. ३२ हजारांची चाके ५ हजार म्हणून लिहिणारा किंवा पावतीविना डिकीत टाकणारा विकणारा हा या अटीत नेमका सापडतो. दोघांनी वेगळे ठरवले असेल तर ते लागू होते. त्यासाठी मोबाईलवरील संदेशात 'बिल्टी झाल्यावर जोखीम तुमची, विमा मी काढतो' अशी एक ओळ असली तरी पुरे.

ग्राहक आयोगाकडे कोण जाऊ शकतो, याबाबतही गैरसमज आहे. स्वतःची जुनी चाके विकणारा खासगी माणूस व्यापारी नसल्याने त्याच्याविरुद्ध ग्राहक आयोगाचा मार्ग सहसा उपयोगी पडत नाही. तिथे दिवाणी न्यायालय, आणि फसवणूक असेल तर पोलिस. ट्रान्सपोर्ट कंपनीने मात्र पैसे घेऊन सेवा दिलेली असते, तिच्या कसुरीसाठी जिल्हा ग्राहक आयोगाचे दार उघडे आहे. त्याआधी एक पायरी चुकवू नये. माल बुक केल्याच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत कंपनीला लेखी नोटीस द्यावी लागते. 'बघतो, शोधतो' या आश्वासनांत सहा महिने सहज निघून जातात.

पैसे आधी की माल आधी

दोन अनोळखी माणसांच्या व्यवहारातला हा पेच मोबाईलने निर्माण केलेला नाही. धान्याच्या बाजारात तो पिढ्यान्पिढ्या होता आणि त्यावर तोडगाही निघालेला होता. आडते माल ट्रकवर किंवा रेल्वेवर चढवून पावती बँकेकडे देत. परगावचा व्यापारी बँकेत पैसे भरी, तेव्हाच पावती त्याच्या हाती पडे आणि पावतीशिवाय गोदामातून माल सुटत नसे. पुस्तके मागवणाऱ्या वाचकांना पोस्टाचे व्ही.पी. पार्सलही याच तत्त्वाचे म्हणून आठवत असेल.

चाकांच्या व्यवहारात त्याचे छोटे रूप आजही वापरता येते. विकणाऱ्याने बिल्टी स्वतःच्याच नावाने, म्हणजे 'सेल्फ' करून घ्यावी आणि मूळ प्रतीशिवाय माल देऊ नये असे तीवर लिहून घ्यावे. भाडे आणि बांधणीपुरती रक्कम आगाऊ घ्यावी. बिल्टीचे छायाचित्र पाहून घेणाऱ्याने कंपनीच्या कार्यालयात दूरध्वनी करावा, माल खरोखर पोचल्याची खात्री करून उरलेले पैसे द्यावेत आणि मग मूळ बिल्टी सही करून त्याच्याकडे जावी. यात दोन दिवस जास्त लागतात. पण पूर्ण रक्कम आधी मागणारा विकणारा आणि एकही रुपया आधी न देणारा ग्राहक, या दोघांनाही या पद्धतीत तक्रारीला जागा राहत नाही.

विकणाऱ्याची फसवणूक होत नाही असेही नाही. न पाहता, न घासाघीस करता चाके घ्यायला तयार झालेला, स्वतःला लष्करातील जवान म्हणवणारा आणि 'पैसे मिळवण्यासाठी हा क्यूआर कोड स्कॅन करा' असे सांगणारा ग्राहक गेली काही वर्षे देशभर अनेकांना भेटला आहे. पैसे घेण्यासाठी यूपीआयचा पिन कधीही टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे जातातच. असे घडल्यास १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे. पहिल्या काही तासांत कळवले तर रक्कम वाटेत गोठवली जाण्याची शक्यता असते.

घेणाऱ्यापुढे आणखी एक धोका असतो. रात्रीतून चारही चाके काढून गाडी विटांवर उभी केल्याच्या घटना शहरांत घडतात आणि ती चाके कुठेतरी विकली जातातच. चोरीचा माल आहे हे माहीत असताना किंवा तसे वाटायला कारण असताना तो घेणे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. बाजारभावाच्या तिसऱ्या हिश्श्याने मिळणारे कोरे अलॉय हे असे कारण ठरू शकते. विकणाऱ्याकडून गाडीच्या नोंदणीपुस्तकाची प्रत, नव्या चाकांचे बिल किंवा निदान तीच चाके त्याच्या गाडीवर असतानाचे छायाचित्र मागण्यात संकोच करू नये.

शेवटचा टप्पा गोदामाच्या दारात असतो आणि तो घाईत उरकला जातो. हमाल चाके बाहेर लोटतो, कारकून वही पुढे करतो आणि 'माल सुस्थितीत मिळाला' या छापील ओळीखाली सही होते. सहीच्या आधी चारही गोणपाटे सोडून आकडे छायाचित्रांशी ताडून पाहावेत. रिमच्या ओठावर ठोका असेल किंवा नग कमी असेल तर तसे त्याच वहीत आणि कंपनीच्या प्रतीवर लिहून मगच सही करावी, आणि त्या पानाचे छायाचित्र घ्यावे. कारकून कुरकुर करतो. पण त्याच पानावरून पुढे नोटीस लिहावी लागते.